वाळवीचा घसारा

मराठीत ‘कसर’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. हिशेबात पडलेली तूट ही एक कसर, आणि कापडाला वा कागदाला लागणारी बारीक कीड ही दुसरी. व्यापारी कुटुंबांना पहिल्या कसरीची ओळख फार जुनी आहे. रोजमेळात चार आण्यांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत पेढीवरचा दिवा विझत नसे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. दुसऱ्या कसरीच्या बाबतीत मात्र हीच कुटुंबे आश्चर्यकारक निष्काळजीपणा दाखवतात. दुकानातील मालाची मोजदाद दरवर्षी होते. परंतु ज्या घरावर आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम खर्च झाली, त्या घराच्या चौकटी, कपाटे आणि माळे यांची तपासणी वर्षानुवर्षे झालेली नसते.

हिशेबशास्त्रात घसारा नावाची एक सोय आहे. वस्तू वापराने झिजते, म्हणून तिची किंमत दरवर्षी पुस्तकात थोडी कमी करतात. प्राप्तिकराच्या नियमांत व्यवसायाच्या मालमत्तेतील निवासी इमारतीसाठी ५ टक्के आणि फर्निचरसाठी १० टक्के असा घसाऱ्याचा दर चालत आला आहे. हा घसारा कागदावर दिसतो आणि त्याची तरतूद करता येते. किड्यांनी केलेला घसारा कोणत्याही वहीत उतरत नाही. तो भिंतीच्या आत, रंगाच्या पापुद्र्याखाली, कपाटाच्या पाठीमागे चालू असतो, आणि उघडकीस येतो तेव्हा पुष्कळदा मूळ वस्तूच शिल्लक नसते.

किड्यांमुळे घराचे खरोखर नुकसान होते काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘होय’ असे द्यावे लागते. मात्र सर्व किडे सारखे नुकसान करत नाहीत, आणि सर्व घरांना सारखा धोका नसतो. हा भेद कळला की अनावश्यक भीतीही जाते आणि अनावश्यक औषधफवारणीही टळते.

घरातले किडे आणि घर खाणारे किडे

झुरळे, डास, माश्या आणि ढेकूण माणसाला त्रास देतात; घराच्या बांधकामाला त्यांचा उपद्रव नसतो. विजेच्या खटक्यांत किंवा उपकरणांत मुंग्या व झुरळे शिरली तर ती बिघडतात, एवढेच. धान्यातील टोके, सोंडे आणि अळ्या कोठारातील गहू-तांदूळ पोखरतात, पण कोठाराच्या भिंतीला हात लावत नाहीत. कसर ही कागद, पुस्तकांच्या बांधणीतील खळ आणि स्टार्च केलेले कापड खाते. लोकरी व रेशमी वस्त्रांना भोके पाडणाऱ्या अळ्या निराळ्या. एखाद्या जुन्या शालूची किंवा पैठणीची घडी वर्षानुवर्षे उलगडली नाही, तर त्या घडीवरच तो विरलेला सापडतो.

प्रत्यक्ष घरावर चाल करणारे किडे थोडेच आहेत. लाकडातील घुण हा त्यांपैकी एक. या भुंगेऱ्याची मादी लाकडाच्या सूक्ष्म रंध्रांत अंडी घालते आणि अळ्या आतून लाकूड पोखरतात. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसते. बांबूला लागणारे भुंगेरेही याच स्वभावाचे. त्यांना बांबूतील पिष्ट हवे असते. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत यासाठीच होती. पाण्यात पिष्टमय भाग निघून जातो आणि किड्यांना त्या बांबूची गोडी राहत नाही. मोठा काळा भुंगा वाशाला बोटाच्या पेराएवढे गोल भोक पाडून त्यात घरटे करतो. तो लाकूड खात नाही, फक्त कोरतो; त्यामुळे त्याचे नुकसान मर्यादित आणि डोळ्यांना दिसणारे असते.

या सर्वांहून निराळी आणि सर्वांहून खर्चीक कीड म्हणजे वाळवी. गुजराती-मारवाडी घरांत तिला उधई म्हणतात. ‘पांढरी मुंगी’ हे तिचे नाव रूढ असले तरी मुंगीशी तिचे नाते नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात ती झुरळाच्या कुळातली ठरते. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आणि भारतात सुमारे ३०० जाती आढळतात. त्यांतील बहुसंख्य जाती रानात पालापाचोळा व मेलेले लाकूड खाऊन त्याची माती करतात. ते काम झाले नसते तर जंगले स्वतःच्याच कचऱ्याखाली दबली असती. घराच्या वाटेला येणाऱ्या जाती मोजक्याच आहेत.

वाळवीची रीत

लाकूड, कागद, कापूस, ताग या सर्वांचा मूळ घटक सेल्युलोज हा आहे. माणसाला तो पचत नाही. वाळवीच्या आतड्यातील सूक्ष्मजीव तो पचवतात. काही जाती तर याहून पुढे गेल्या आहेत. त्या चावलेल्या लाकडाच्या लगद्यावर वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी जी अळंबी कोकणात आवडीने शोधली जाते, ती याच शेतीतून वर येते.

घरांना उपद्रव देणाऱ्या बहुतेक जातींची वसाहत जमिनीत असते. एका वसाहतीत लाखो वाळव्या असू शकतात, आणि राणी दिवसाला हजारो अंडी घालू शकते. कामकरी वाळव्या आंधळ्या व मऊ त्वचेच्या असतात. उघड्या हवेत त्या लवकर सुकून मरतात. म्हणून त्या माती, लाळ आणि विष्ठा यांच्या मिश्रणाने पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्या बांधतात आणि त्या झाकलेल्या वाटेने पाया ते माळा असा प्रवास करतात. भिंतीवर दिसणारी मातीची रेघ म्हणजे हा झाकलेला रस्ता होय. काँक्रीट, वीट किंवा लोखंड वाळवी खात नाही; परंतु एक मिलिमीटरपेक्षा बारीक भेगही तिला वाट म्हणून पुरते. नळांच्या व विजेच्या तारांच्या भोवती राहिलेली पोकळी तर तिच्यासाठी राजमार्गच असतो.

ती लाकडाचा बाह्य पापुद्रा शाबूत ठेवते. चौकटीवरचा रंग जसाच्या तसा असतो आणि आत मातीने भरलेली पोकळी असते. एखाद्या दिवशी बिजागरीचा स्क्रू हातात येतो, किंवा झाडू लागताच चौकटीचा कोपरा आत दबतो, तेव्हा घरच्यांना पहिली वार्ता कळते.

सुक्या लाकडातील वाळवी ही वेगळी जात. तिला जमिनीशी संबंध लागत नाही. खुर्चीच्या एका पायातही तिची छोटी वसाहत राहू शकते. तिची खूण म्हणजे खाली पडलेले खसखशीसारखे बारीक, एकसारखे दाणे. हे दाणे दिसले तर अख्खे घर उकरण्याचे कारण नसते. ती एक वस्तू वेगळी काढून तिची व्यवस्था लावली तरी बहुधा भागते. मैद्यासारखी भुकटी घुणाची, खसखशीसारखे दाणे सुक्या वाळवीचे आणि मातीची नळी जमिनीतल्या वाळवीची, एवढा भेद घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

सागाचा वाडा आणि प्लायवूडचे कपाट

जुन्या वाड्यांचे सागवानी खांब शंभर-दीडशे वर्षे टिकलेले दिसतात. यामागे सागाच्या गाभ्यात असलेली नैसर्गिक द्रव्ये आहेत. वाळवीला ती मानवत नाहीत. मात्र ही शक्ती गाभ्याच्या गडद लाकडात असते. सालीलगतच्या फिकट लाकडात ती नसते. ‘सागाचे दार आहे, त्याला काय होणार?’ ही खात्री पुष्कळदा खोटी ठरते, कारण आज बाजारात मिळणाऱ्या कोवळ्या झाडांच्या सागात फिकट लाकडाचे प्रमाण मोठे असते.

जुन्या बांधणीच्या घरात धोक्याची जागा ठरलेली असते. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते, तेथे पावसाचे पाणी मुरते, लाकूड ओलसर राहते आणि वाळवी पहिल्यांदा तेथेच बसते. मधली तुळई ठणठणीत दिसते, पण सारा भार पेलणारे टोक पोकळ झालेले असते. अशा घराला वाळवीमुळे खरोखर पडझडीचा धोका असतो. पूर्वीचे सुतार भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर फासत, ते या कारणाने. कोकण-गोव्याकडे काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची पद्धत आहे, तिचाही हेतू हाच.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत खांब-तुळयांना वाळवीची भीती नाही. इमारत तिच्यामुळे कोसळत नाही. म्हणून सदनिकाधारक निर्धास्त असतात. परंतु आजच्या सदनिकेत भिंतीत बसवलेली कपाटे, स्वयंपाकघरातील खण, पलंग, खोटे छत, लाकडी फरशी यांवर लाखो रुपये खर्च झालेले असतात, आणि ते सारे प्लायवूड किंवा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे असते. सागाच्या गाभ्याचा प्रतिकार त्यांत नाही. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. एखादे प्लायवूड पाण्यात टिकते, म्हणून ते वाळवीतही टिकेलच असे ग्राहक समजतो. पाण्याचा प्रतिकार त्यातील गोंदावर अवलंबून असतो. किडीचा प्रतिकार लाकडाला दिलेल्या संरक्षक द्रव्यावर. खरेदीच्या वेळी दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात आणि बिलावर लिहून घ्याव्यात.

सदनिकेतील वाळवीचे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीला चिकटवून बसवलेले कपाट. भिंतीतून ओल झिरपते, कपाटाच्या पाठीमागे हवा खेळत नाही, अंधार असतो आणि समोर लाकूड असते. एवढी सोय वारुळातही क्वचितच मिळत असेल. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर वाळवी कशी येईल, असेही विचारले जाते. नळांच्या पोकळीतून ती चढते, किंवा पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांची एखादी जोडी ओलसर जागा सापडताच तेथेच संसार थाटते. खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडलेले पारदर्शक पंखांचे ढीग ही या भेटीची खूण समजावी.

नोटा, दस्तऐवज आणि विमा

लाकडाइतकाच कागदही वाळवीला प्रिय आहे, आणि व्यापाऱ्याच्या घरातील कागद लाकडाहून मोलाचा असतो. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात एका सरकारी बँकेच्या शाखेत वाळवीने सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा खाल्ल्याचे उघड झाले. २०२३ मध्ये त्याच राज्यातील मुरादाबाद येथे एका महिलेने मुलीच्या लग्नासाठी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली १८ लाख रुपयांची रोकड वाळवीने फस्त केली. भारतीय नोटा कापसाच्या तंतूंपासून केलेल्या कागदावर छापतात, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. पोलादी दरवाजा चोरासाठी असतो; भिंतीतील ओलीच्या वाटेने येणाऱ्याला तो अडवत नाही.

अशा नोटांचे काय होते, हे माहीत असलेले बरे. रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार ५० रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा मूळ क्षेत्रफळाच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण किंमत मिळते. ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर निम्मी. ४० टक्क्यांहून कमी असेल तर काहीही मिळत नाही. वाळवीने भुगा केलेल्या नोटेचा दावा उभाच राहत नाही. लॉकरच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सुधारित नियम जाहीर केले व ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे नुकसान झाले, तर बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. त्या यादीत वाळवीचे नाव नाही. शिवाय लॉकर दागिने व दस्तऐवजांसाठी असतो. रोकड ठेवण्यास करारातच मनाई असते.

घराच्या विम्याची स्थितीही तशीच आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांमार्फत मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल अशा आकस्मिक आपत्तींसाठी आहे. विमा हा अचानक कोसळणाऱ्या संकटाचा असतो. हळूहळू होणारी झीज आणि किडीने केलेली नासाडी त्यात बसत नाही. म्हणजेच वाळवीने केलेले सारे नुकसान घरमालकाच्याच खात्यावर पडते. गृहकर्जाचा हप्ता मात्र पूर्वीइतकाच राहतो.

कागदपत्रांची व्यवस्था म्हणून डोळसपणे लावली पाहिजे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ही पुस्तके बहुधा गोदामाच्या कोपऱ्यात, जमिनीवर, भिंतीला टेकवून रचलेली असतात. वाळवीला आमंत्रण देण्याची याहून सोपी रीत नाही. ती लोखंडी मांडणीवर, जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. खरेदीखत नष्ट झाले तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळू शकते, पण मूळ दस्त हातात नसताना तारण ठेवणे किंवा विक्री करणे जिकिरीचे होते. भागपत्रे अजूनही कागदी स्वरूपात असतील तर ती डीमॅट खात्यात जमा करून घेणे इष्ट. १ एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी भागपत्रांचे हस्तांतरण तसेही बंद झाले आहे. पोलादी कपाटात ठेवलेले कागद सुरक्षित, असे मानू नये. कपाटाचा तळ गंजलेला असला आणि ते ओलसर भिंतीला टेकलेले असले, तर आतील कागदांपर्यंत वाट मोकळी असते.

ग्रंथांच्या बाबतीत समाजाने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. ताडपत्रांवरील सिद्धान्तग्रंथांना कीड लागून जिनवाणीचा ठेवा नष्ट होऊ नये, या चिंतेतून आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी ग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्यात आले. फलटण येथे ते जतन केलेले आहेत. ग्रंथ कीड लागण्यापूर्वी सुरक्षित करण्याची ही दृष्टी घराच्या बाबतीतही उपयोगी आहे.

औषध की दक्षता

जैन कुटुंबासाठी वाळवीचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. मुंगी, ढेकूण, वाळवी यांची गणना शास्त्रात त्रीन्द्रिय जीवांत केली आहे. एकदा वसाहत घरात शिरली की समोर दोनच वाटा उरतात: घर खाऊ द्यायचे, किंवा लाखो जीवांचा संहार करायचा. बाजारातील उपाय कितीही सौम्य भाषेत सांगितले जात असले तरी त्यांचे स्वरूप स्पष्ट असावे. भिंत व फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर छिद्रे पाडून क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिडसारखे द्रव्य सोडतात. ते जमिनीत विषाचा पट्टा तयार करते. आमिषाची पद्धत घरात कमी विष पसरवते, पण तिचा उद्देश संपूर्ण वसाहत नष्ट करणे हाच असतो. नळ्या खरवडून टाकणे, मीठ किंवा रॉकेल ओतणे हे तर व्यर्थ उपाय होत. जमिनीतली वसाहत कायम राहते, वरच्या थोड्या जिवांची हिंसा तेवढी पदरी पडते, आणि रॉकेलने आगीचा धोका वाढतो तो वेगळाच.

गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले जातात. वाळवी घरात शिरल्यावर केलेला उपाय यांपैकी कशात मोडतो आणि तो करावा की नाही, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुजनांना विचारून घ्यावा. त्यावर बाहेरून मत देणे उचित नाही. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. तो निर्णय घेण्याची वेळच येऊ नये, अशी तजवीज करणे बहुतेक घरांना शक्य असते. ओल नसेल, लाकडाचा मातीशी संबंध नसेल आणि भेगा बुजवलेल्या असतील, तर वाळवीला घरात येण्याचे फारसे कारण उरत नाही. कोणाचाही जीव न घेता घर राखता येईल असा काळ तेवढाच असतो, आणि तो वाळवी येण्यापूर्वीचा असतो.

नवीन बांधकाम करणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधासाठी भारतीय मानक ६३१३ उपलब्ध आहे. त्याचे तीन भाग आहेत: बांधकामाच्या रचनेतील उपाय, बांधकामापूर्वीची रासायनिक प्रक्रिया आणि अस्तित्वातील इमारतींवरील प्रक्रिया. कंत्राटदार बहुधा दुसऱ्याच भागाची भाषा बोलतात. पहिला भाग मागून घ्यावा लागतो. इमारतीभोवती भेगाविरहित काँक्रीटचा पट्टा, जोत्यावर धातूची आडवी पट्टी, नळांभोवतीच्या पोकळ्या पक्क्या बुजवणे हे उपाय एकही जीव न मारता वाट अडवतात. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि झाडांची खोडे भरावात पुरून टाकण्याची सवय कंत्राटदारांना असते. तेच पुढे वाळवीचे पहिले अन्न ठरते. ते काढून घेतल्याशिवाय भराव घालू देऊ नये. तयार सदनिका घेणाऱ्यांनी वाळवी-प्रतिबंधक प्रक्रिया झाली आहे काय, कोणत्या पद्धतीने आणि किती वर्षांच्या हमीने, याचा लेखी कागद विकासकाकडून मागून घ्यावा.

वर्षातून एकदा घराचे पडिलेहण

साधू-साध्वी आपली वस्त्रे व उपकरणे दररोज डोळ्यांखालून घालतात; त्यालाच पडिलेहण म्हणतात. वस्तूत एखादा जीव आश्रयाला आला असेल, तर त्याला इजा न होता ती वापरता यावी, हा त्यामागचा भाव आहे. गृहस्थाने संपूर्ण घराचे असे निरीक्षण वर्षातून निदान एकदा करावे. त्यासाठी चातुर्मासापूर्वीचा महिना सर्वांत योग्य. पाऊस सुरू झाल्यावर जीवांची उत्पत्ती वाढते. आणि कोरड्या दिवसांत केलेली डागडुजी पावसाळ्यात उपयोगी पडते.

हे निरीक्षण करण्यास एक रविवार पुरतो. विजेरी आणि स्क्रूड्रायव्हर एवढीच साधने लागतात. दारांच्या चौकटींवर, विशेषतः उंबरठ्याजवळ, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत आणि पोखरलेल्याचा पोकळ येतो. भिंतीतील कपाटांचे सर्वांत खालचे खण रिकामे करून कोपरे पाहावेत. न्हाणीघर आणि मोरी यांच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून ओल आहे का ते तपासावे. वातानुकूलन यंत्राच्या पाण्याची नळी कोठे गळते ते पाहावे. माळ्यावरील खोके, जुने पुठ्ठे, लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि मिठाईचे रिकामे डबे यांना निरोप द्यावा. खेडेगावी जुने घर असेल तर छपराखाली जाऊन तुळयांची टोके पाहिल्याशिवाय परतू नये. कुलूपबंद घरांत वाळवीला कोणी त्रास देत नाही, म्हणून तेथेच नुकसान सर्वाधिक होते.

ओल सापडली तर ती आधी बंद करावी. रंग नंतर द्यावा. नवे फर्निचर करताना ओलसर भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडण्यास सुताराला सांगावे. जागा थोडी जाते, पण हवा खेळती राहते. वाळवी आढळलीच, तर ती एकट्या सदनिकेची बाब समजू नये. तिची वाट तळमजल्यावरून येत असल्याने शेजाऱ्यांना व गृहनिर्माण संस्थेला लगेच कळवावे. एका घराने लपवलेली वाळवी चार घरांचे नुकसान करते. औषधाचा निर्णय झालाच, तर विहीर व पिण्याच्या पाण्याची टाकी यांपासून पुरेसे अंतर राखणे, स्वयंपाकघरातील सर्व वस्तू बाहेर काढणे आणि लहान मुलांना व आजारी माणसांना त्या काळात दुसरीकडे ठेवणे आवश्यक आहे. परवानाधारक व्यक्तीकडूनच ते काम करून घ्यावे, आणि वापरलेल्या द्रव्याचे नाव बिलावर लिहून घ्यावे.

खर्चाचा हिशेब मांडला तर तो सरळ आहे. गळका सांधा बुजवणे, नळाभोवतीची पोकळी भरणे, पुस्तके मांडणीवर चढवणे यांचा खर्च किरकोळ. पोखरलेली कपाटे काढून नवी बसवण्याचा खर्च घरातील एखाद्या मंगलकार्याएवढा होऊ शकतो, आणि खरेदीखत किंवा आजोबांच्या हस्ताक्षरातील वही गेली तर तिची भरपाई कोणत्याच रकमेने होत नाही. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या कुटुंबांनी नव्या वहीबरोबर एक छोटी नोंदवही घराच्या नावाने सुरू करावी. तपासणीची तारीख, सापडलेली ओल, केलेली दुरुस्ती आणि पुढच्या वर्षी पाहावयाच्या जागा, एवढ्या चार रकान्यांची ती असावी. ती भरण्याचे काम घरातील तरुण मुला-मुलींकडे द्यावे, म्हणजे पुढच्या पिढीला घराची ओळख आपोआप होईल. पहिली नोंद येत्या चातुर्मासाच्या आधीच करता येईल.